शब्दाच्या डोक्यावरची चांदणी

दिवेलागण झाली की आमच्या आजीच्या तोंडी 'साप' हा शब्द यायचा नाही. गोठ्याच्या बाजूला काही सळसळलं की ती कंदील उचलायची आणि म्हणायची, "पोरांनो, मागं सरा, किडूक आहे." किडूक म्हणजे खरं तर किडा-मुंगीसारखा फुटकळ जीव. कधी ती 'लांबडं' म्हणायची, कधी नुसतं 'जनावर'. शेजारच्या वाडीत कुणाला दंश झाला तर 'पान लागलं' एवढंच. नाव घेतलं की तो येतो, अशी तिची पक्की समजूत होती, आणि ती तिच्या आधीच्या कित्येक पिढ्यांकडून आलेली होती.

हे आठवलं एका लांडग्यामुळे. इस्तंबूलपासून सैबेरियातल्या लेना नदीपर्यंत तुर्की कुळातल्या भाषा पसरल्या आहेत. त्यांत लांडग्याचा एक जुना शब्द आहे. कझाक, तुर्कमेन आणि उझबेक त्याला 'बोरी' म्हणतात, किर्गिझ आणि तुवा लोक 'बोरू', तातार आणि बाश्कीर 'बुरे', उइघुर 'बोरे', आणि पार ईशान्येला याकूत म्हणजे साखा लोक 'बोरो'. मी देवनागरीत 'बो' लिहितो आहे, पण यातल्या बहुतेक भाषांतला तो स्वर आपल्याकडे नाही. ओठ 'ओ'साठी गोल करायचे आणि आतून 'ए' म्हणायचं, की तो जमतो. ही सगळी भावंडं शेजारी-शेजारी बसवायची, कुणाचं नाक कुणासारखं, कुणाची हनुवटी कुणासारखी ते पाहायचं आणि त्यावरून न पाहिलेल्या आईचा चेहरा ताडायचा, हे तौलनिक भाषाशास्त्राचं काम. तो ताडलेला चेहरा असा लिहितात: *बोरी. आधीची चांदणी सांगते की हा शब्द या रूपात कुठे लिहिलेला सापडलेला नाही, कुणी ऐकलेला नाही. पुराव्यावरून तो उभा केला आहे.

या कुळातली सर्वांत मोठी भाषा म्हणजे तुर्कस्तानची तुर्की. तिच्या रोजच्या बोलण्यातून मात्र बोरी गेला. तिथे लांडग्याला 'कुर्त' म्हणतात, आणि कुर्त म्हणजे अळी, किडा. आजही किडलेल्या सफरचंदाला तुर्की माणूस 'कुर्तलू एल्मा' म्हणतो, आणि त्याच कुर्तने डोंगरातला लांडगा सांगतो. कळपाच्या राखणीला बसलेल्या मेंढपाळांनी त्याचं खरं नाव घ्यायचं टाळलं आणि त्याला 'किडूक' म्हणून टाकलं. भीतीने दिलेलं हे टोपणनाव पुढे इतकं रुळलं की मूळ नावाची गरजच उरली नाही. आजीचा साप आणि अनातोलियातला, म्हणजे तुर्कस्तानातला लांडगा एकाच वाटेने किडा झाले.

आता हाच लांडगा तुर्की राष्ट्रवादाचं निशाण आहे. २ जुलै २०२४ रोजी लाइपझिगमध्ये युरो चषकाच्या सामन्यात तुर्कस्तानने ऑस्ट्रियाला २-१ असं हरवलं. दोन्ही गोल मेरिह देमिरालचे. दुसऱ्या गोलनंतर त्याने दोन्ही हातांच्या बोटांनी लांडग्याचं तोंड करून दाखवलं. ती 'करड्या लांडग्यां'ची, म्हणजे कडव्या उजव्या गटाची खूण. ऑस्ट्रियात ती २०१९ पासून बंद आहे, फ्रान्सने २०२० मध्ये त्या गटावरच बंदी घातली. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, देमिरालला दोन सामन्यांसाठी बाहेर बसवलं, जर्मनी आणि तुर्कस्तान यांनी एकमेकांच्या राजदूतांना बोलावून घेतलं. देमिरालचं म्हणणं होतं की आपण तुर्क असल्याचा अभिमान दाखवला, बाकी काही नाही. त्याच्या मनात काय होतं, हा माझा विषय नाही. लांडगा हे आमचं सनातन, अस्सल, फक्त आमचं चिन्ह आहे, असा जो दावा त्या खुणेमागे उभा केला जातो, त्याबद्दल मला बोलायचं आहे. तो शब्दाच्या इतिहासापुढे टिकत नाही. आणि असे दावे करताना सर्वांत आधी पुसली जाते ती चांदणी.

लांडग्याचा मान जुना आहे, यात शंका नाही. तांग काळात, इसवी सन ६३६ मध्ये पूर्ण झालेल्या एका चिनी इतिहासग्रंथात तुर्कांच्या खानाच्या अंगरक्षकांना 'फूली' म्हणतात, असं नोंदलं आहे. त्या भाषेत याचा अर्थ लांडगा, आणि आपण लांडगीच्या पोटचे आहोत हे विसरू नये म्हणून हे नाव, असंही पुढे दिलं आहे. फूली हे बोरीचंच चिनी कानांना ऐकू आलेलं रूप. शंभर वर्षांनी, ७३२ मध्ये, मंगोलियातल्या ओरखोन नदीच्या खोऱ्यात कुल तेगिन या राजपुत्राच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या शिळेवर एक ओळ कोरली गेली. आकाशदेवाने बळ दिलं म्हणून माझ्या बापाचं सैन्य लांडग्यासारखं होतं आणि शत्रू मेंढरांसारखे, असा तिचा अर्थ. मुळात 'बोरी तेग' आणि 'कोन्य तेग', म्हणजे लांडग्यासारखं आणि मेंढीसारखे. ही लिपी कित्येक शतकं कुणालाच वाचता येत नव्हती. १८९३ मध्ये विल्हेल्म थॉमसन या डॅनिश पंडिताने ती सोडवली. दगडावर कोरलेला बोरी हा पुरावा आहे, तिथे चांदणी लागत नाही. पण तो आठव्या शतकातला. त्याच्या मागे जायचं म्हटलं की चांदणी लागते, आणि तिथेच दाव्याची पंचाईत होते.

कारण बोरी मुळात तुर्कीच आहे का, हेच नक्की नाही. कॉकेशसमधल्या ओसेती या इराणी कुळातल्या भाषेत लांडग्याला 'बिरेघ' म्हणतात. मध्य आशियातल्या खोतानच्या शकांच्या भाषेत 'बिर्ग'. काही अभ्यासकांच्या मते स्तेपमधल्या, म्हणजे मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतल्या, कुठल्या तरी पूर्व-इराणी बोलीतून हा शब्द आद्य-तुर्कीत, म्हणजे तुर्की कुळाच्या त्या न पाहिलेल्या आईत, उसना आला. इतरांना ते मान्य नाही. पण ओसेती-खोतानी शब्दाचं मूळ मात्र पक्कं ठाऊक आहे. अवेस्तातला 'वेह्र्क', फारसीतला 'गुर्ग', रशियनमधला 'वोल्क', इंग्रजीतला 'वुल्फ' आणि आपल्या ऋग्वेदातला 'वृक' ही सगळी एका आईची लेकरं. ऋज्राश्वाने एका वृकीला शंभर मेंढे खाऊ घातले म्हणून बापाने त्याला आंधळं केलं आणि अश्विनीकुमारांनी त्याचे डोळे परत दिले, ती कथा ऋग्वेदात आहे. म्हणजे उसनवारीचं मत खरं असेल, तर लाइपझिगच्या मैदानात मिरवलेल्या निशाणाचं सर्वांत जुनं नाव आणि भीमाच्या 'वृकोदर' या विशेषणातला पूर्वार्ध एकाच घरचे ठरतात.

यावर "म्हणजे लांडगा आमचाच" असं म्हणत उड्या मारणारे आपल्याकडेही निघतील, म्हणून लगेच सांगतो की तेही तितकंच चूक. आपण तरी वृक कुठे सांभाळला? मराठीत तो फक्त पोथीतल्या समासात उरला, माळावर फिरतो तो लांडगा. हिंदीने तर त्याला 'भेड'वरून भेडिया केलं, म्हणजे ज्याला खातो त्याच्या नावाने ओळखलं. भय जिथे दाट असतं तिथे शब्द टिकत नाहीत. साखा लोकांकडे बोरोला चुकवण्यासाठी 'शेपटीवाला' हा आडशब्द आहे, कझाकांकडे 'इत-कुस' म्हणजे कुत्रा-पक्षी. शिवाय कझाकांमध्ये लांडग्याला 'कास्किर' हाही सर्रास शब्द आहे, आणि व्होल्गाकाठच्या चुवाश भाषेत रोजचा शब्द त्याच वळणाचा 'कश्कर'. म्हणजे जो प्राणी सर्वांत 'आपला', त्याचंच नाव लोक शतकानुशतकं बदलत राहिले.

यासंबंधी कझाकांमध्ये एक गोष्ट सांगतात. तिथल्या सुनेने सासरच्या पुरुषांची नावं घ्यायची नाहीत, असा जुना दंडक होता. एका घरात दिरांची नावं होती नदी, वेत, मेंढी, लांडगा, सुरी आणि धार लावायचा दगड. सून पाणी आणायला गेली आणि बघते तर नदीपल्याड, वेताच्या बेटाअलीकडे लांडगा मेंढी फाडतोय. ती धावत आली आणि ओरडली, "खळखळणाऱ्याच्या पलीकडे, सळसळणाऱ्याच्या अलीकडे, हुंकारणारा बेंबाटणाऱ्याला खातोय! कापणारं घासणाऱ्यावर घासा आणि लवकर या!" आपल्याकडे नवऱ्याचं नाव उखाण्यात गुंफून घेणाऱ्या बायकांना ही सून परकी वाटणार नाही. मला या गोष्टीत एक गंभीर गोष्ट दिसते. शब्द बदलतात ते स्वयंपाकघरात, गोठ्यात, पाणवठ्यावर, आणि बहुतेकदा ज्यांना बोलायची मुभा नाही त्यांच्या तोंडी. राजधानीत बसून 'अस्सल' शब्द ठरवणाऱ्यांना त्या इतिहासाचं श्रेय घेता येत नाही.

राजधानीत बसून ठरवल्यावर काय होतं, हेही तुर्कस्तानने पाहिलं आहे. १९२८ मध्ये तिथे अरबी लिपी जाऊन लॅटिन आली, १९३२ मध्ये भाषासंस्था स्थापन झाली आणि अरबी-फारसी शब्द हुडकून काढायची मोहीम सुरू झाली. शुद्धीच्या भरात १९३६ च्या भाषापरिषदेत 'सूर्यभाषा सिद्धांत' मांडला गेला: आदिमानवाने सूर्याकडे पाहून काढलेल्या उद्गारातून भाषा जन्मली, ती आद्य भाषा तुर्की, म्हणून जगातले सगळे शब्द मुळात तुर्कीच. आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क यांच्या निधनानंतर तो गुंडाळला गेला. 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका' असे संदेश मोबाईलवर वाचून माना डोलावणाऱ्या आपल्यातल्या लोकांनी ही हकिकत जरूर वाचावी. दोन्हीकडे चूक एकच आहे. कानाला सारखं लागलं की नातं जुळलं, आणि नातं जुळलं की मालकी सिद्ध झाली. ध्वनिबदलाचा नियम सांगा, मधल्या काळातलं रूप दाखवा, असं कुणी विचारत नाही.

माझ्या या मताविरुद्ध एक आक्षेप मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. तुर्की भाषा बोलणाऱ्या बहुतेक लोकांनी विसाव्या शतकात फार सोसलं. १९२६ मध्ये बाकूला तुर्की भाषांच्या अभ्यासकांची मोठी परिषद भरली आणि लॅटिन लिपीच्या बाजूने बहुमताने ठराव झाला. पंधरा वर्षांच्या आत सोव्हिएत सत्तेने ती लिपीही काढून सिरिलिक, म्हणजे रशियन वळणाची लिपी लादली. त्या परिषदेला आलेल्यांपैकी कित्येक जण १९३७-३८ मध्ये गोळ्या घालून मारले गेले. क्रिमियन तातार पंडित बेकिर चोबानझादे आणि कझाक भाषेला आधुनिक व्याकरण देणारे अहमेत बायतुरसिनोव हे त्यांतले. एका पिढीचं लिखाण पुढच्या पिढीला वाचता येऊ नये, अशी व्यवस्था झाली. अशा लोकांनी एखादा समान शब्द, समान लिपी, समान पूर्वज शोधला तर त्यात गैर काय, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, काहीच गैर नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा बाकूतच ३४ अक्षरांच्या समान तुर्की लिपीवर सहमती झाली, ती बातमी वाचून मला बरंच वाटलं.

माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. तुर्की राष्ट्रांच्या संघटनेत तुर्कस्तान, अझरबैजान, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान हे पाच सदस्य आहेत, म्हणजे ज्यांना देश आहे ते. ज्यांच्यामुळे *बोरीसारखे शब्द उभे करता येतात, त्यांतल्या निम्म्याअधिकांना देश नाही. साखा, तुवा, तातार, बाश्कीर आणि चुवाश रशियात, उइघुर चीनमध्ये, खलज इराणमध्ये. पूर्वजाच्या चेहऱ्यासाठी या सगळ्यांचे नाकडोळे लागतात, पण बैठकीत त्यांची खुर्ची नसते.

ही मंडळी किती मोलाची आहेत, ते 'पाय' या एका शब्दावरून पाहा. तुर्कीत 'अयाक', साखात 'अताख', खकासमध्ये 'अझाख', चुवाशमध्ये 'उरा', आणि खलजमध्ये 'हदक'. नुसती तुर्कस्तानची तुर्की उरली असती तर मधला 'य' मुळात 'द' होता, हे आधुनिक बोलींवरून कुणाला सुचलंही नसतं. तेहरानच्या नैऋत्येला काही खेड्यांत बोलली जाणारी खलज ही कुठलीशी पोटबोली समजली जायची. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गेरहार्ड डोर्फर या जर्मन अभ्यासकाने तिथे काम सुरू केलं आणि ही कुळातली स्वतंत्र, फार जुनी शाखा आहे असं दाखवलं. त्या खेड्यांतली तरुण पोरं आता फारसीकडे वळली आहेत. चुवाशचं तसंच. तुर्कीत बैलाला 'ओक्युझ', चुवाशमध्ये 'वाकर', आणि कुळच वेगळं असलेल्या हंगेरीच्या भाषेत 'ओकोर'. शेवटचा 'र' पाहिला की कळतं, हंगेरीच्या लोकांनी बैल नांगराला जुंपताना चुवाशच्या पूर्वजांशी संगत केली होती. कुठल्याही बखरीत नसलेला हा इतिहास एका अक्षरात जपला गेला आहे. आणि २०१८ पासून रशियात शाळेतली स्थानिक भाषा ऐच्छिक झाली; पालकांनी लेखी मागितली तरच ती शिकवायची. दहा-वीस वर्षांनी 'वाकर' म्हणणारं मूल किती घरांत असेल?

उइघुरांचं तर बोलायलाच नको. गावोगाव हिंडून उइघुरांच्या कथा आणि दर्ग्यांच्या परंपरा नोंदवणाऱ्या राहिले दाऊत या प्राध्यापिका डिसेंबर २०१७ मध्ये नाहीशा झाल्या. त्यांना जन्मठेप झाली आहे, हे जगाला कळायला सप्टेंबर २०२३ उजाडलं. जिवंत तोंडातून जिवंत शब्द टिपणारी बाई तुरुंगात, आणि स्टेडियममध्ये लांडग्याच्या खुणेवरून दोन देश राजदूतांना बोलावतायत. तुर्की कुळाच्या नावाने अभिमान बाळगणाऱ्या सरकारांनी हा आवाज आणि पैसा कुठे वळवावा, याबद्दल माझ्या मनात तरी किंतु नाही. पुतळे आणि निशाणं कमी करा. खलज खेड्यात ध्वनिमुद्रक घेऊन बसणाऱ्या पोराला पगार द्या. चुवाश आईला लेकरासाठी चित्रांचं पुस्तक मिळू द्या. राहिलेबाईंचं नाव बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्या.

मराठी माणसाने या फंदात का पडावं, असंही कुणी म्हणेल. शिळेवरच्या त्या ओळीतली मेंढी आठवा. 'कोन्य'चं कझाकमध्ये 'कोय' झालं, तुर्कीत 'कोयुन'. पंधराव्या शतकात इराण-अझरबैजानवर 'काराकोयुनलू' म्हणजे काळ्या मेंढीवाल्या तुर्कमेनांचं राज्य होतं. ते मोडल्यावर त्याच घराण्यातला सुलतान कुली दख्खनेत आला आणि त्याने गोवळकोंड्याची कुतुबशाही उभी केली. १६७७ मध्ये दक्षिणदिग्विजयाला निघालेले शिवाजी महाराज भागानगरात ज्या अबुल हसन कुतुबशहाला भेटले, तो याच मेंढीवाल्यांच्या तख्तावर बसलेला. तोफ, कैची, चकमक हे शब्द त्याच दिशेने आले. आपल्या प्रत्येक मोर्चाच्या फलकावरचा 'एल्गार'सुद्धा फारसीच्या वाटेने आलेला तुर्की शब्द आहे, आणि तो लिहिताना आपलं मराठीपण तसूभरही कमी होत नाही. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, त्याचा मला आनंद आहे. तो आनंद टिकवायचा तर आपण आपल्या शब्दांच्या बाबतीत चांदणी पुसू नये. जे कोरलेलं आहे ते कोरलेलं म्हणावं, जे ताडलेलं आहे ते ताडलेलं.

ही सचोटी काही आधुनिक शास्त्राची मिरास नाही. आउगुस्ट श्लायशर या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात कल्पित रूपांपुढे चांदणी लावायची रीत रुळवली. १८६८ मध्ये त्यानेच मेंढी आणि घोड्यांची एक छोटी गोष्ट आद्य इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे वृक, वोल्क आणि वुल्फ यांच्या त्या ताडलेल्या आईच्या भाषेत, लिहून दाखवली. तेव्हापासून इतर अभ्यासकांनी ती पुन्हा पुन्हा नव्या रूपात लिहिली, कारण दर पिढीत पुरावा वाढला आणि आद्य भाषेचा चेहरा बदलला. पण त्याच्याही आठशे वर्षं आधी बगदादमध्ये महमूद काश्गरी नावाच्या तुर्काने अरबी वाचकांसाठी तुर्की शब्दांचा कोश रचला. साल १०७२ च्या सुमाराचं. हा माणूस स्वतःच्या कुळाचा कडवा अभिमानी. तुर्कांना देवानेच राज्य दिलं असं तो निःशंक लिहितो. तरी शब्द नोंदवताना कुठली टोळी काय म्हणते ते तो टोळीवार सांगतो. बोरी म्हणजे लांडगा, ही नोंद त्याने केली. आणि कुर्त म्हणजे सगळ्या तुर्कांत अळी, ओघुझ मात्र लांडग्याला कुर्त म्हणतात, हेही त्याने झाकून ठेवलं नाही. आजचे तुर्कस्तानचे तुर्क त्याच ओघुझांचे वंशज.

त्या कोशाची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे. १२६६ मध्ये ती दमास्कसमध्ये उतरवली गेली. त्याच शहरावर त्या सालाच्या सव्वाशे-दीडशे वर्षं आधी राज्य केलेल्या एका तुर्क अमिराचं नाव होतं बुरी, म्हणजे आपला बोरीच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती प्रत इस्तंबूलच्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे निघाली, आणि अली एमिरी या ग्रंथवेड्या माणसाने ती ओळखून विकत घेतली. आज ती त्याच शहरातल्या ग्रंथालयात आहे, लांडग्याच्या आणि अळीच्या दोन्ही नोंदींसकट.